टपारियाचा २०५ मिलिमीटरचा स्क्रू पाना : घरच्या आणि सायकलच्या दुरुस्त्यांमधला अनुभव

घरात एकच पाना ठेवायचा झाला तर कोणता ठेवावा, असे शेजारीपाजारी मला अनेकदा विचारतात, आणि माझे उत्तर गेली कित्येक वर्षे बदललेले नाही : टपारिया कंपनीचा २०५ मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला आठ इंची म्हणतात तो, स्क्रू पाना, ज्याचा जबडा फिरकीने लहानमोठा करता येतो. गळका नळ, झोपाळ्याच्या कडीचा सैल झालेला नट, सारखी उतरणारी सायकलची चेन अशी निरनिराळी कामे या एका हत्याराने होतात. ती स्वतःच्या हाताने झाली की चार पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठा आनंद असतो तो बिघाडाचे कारण आपल्याला सापडल्याचा. मात्र हा आनंद हत्यार चांगले असेल तरच मिळतो. जबड्यात खेळ असलेला स्वस्त पाना नटावरून सटकतो, बोटांची सालटी निघतात, नटाचे कोपरे झिजतात आणि माणूस त्या कामाच्या वाटेला पुन्हा जात नाही. म्हणून या पान्याविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

टपारियाचा कारखाना नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली त्यांनी हातहत्यारे बनवायला सुरुवात केली. स्क्रू पान्याच्या बाबतीत हे स्वीडिश नाते विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आज जगभर वापरात असलेल्या या पान्याची घडण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने सुधारून पक्की केली आणि त्यानंतर तिच्यात फार मोठा बदल करण्याची गरज कोणाला पडलेली नाही. एक स्थिर जबडा, एक सरकता जबडा आणि अंगठ्याने फिरवायची फिरकी, एवढाच हा संसार आहे. पण या तीन भागांची एकमेकांतली बसण किती नेमकी आहे, यावरच पान्याची सारी किंमत ठरते.

माझा पाना मी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतला. दुकानदाराने तीन-चार पाने काढून समोर ठेवले आणि मी प्रत्येकाचा जबडा पूर्ण उघडून तो बोटांनी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिला. किंचित खेळ प्रत्येक स्क्रू पान्यात असतो, तो नसेल तर जबडा सरकणारच नाही. पण चांगल्या पान्यात तो बोटांना जेमतेम जाणवतो. दुसरी परीक्षा म्हणजे जबडे जवळजवळ मिटवून पाना उजेडाकडे धरायचा आणि मधली फट पाहायची. ती फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची दिसली तर जबडे समांतर आहेत, आणि नट चपखल धरला जाणार. मी निवडलेल्या पान्यात ती रेघ आखल्यासारखी सरळ होती. नेहमी पक्कड वापरणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या दुकानदाराने दिलेला सल्लाही मला पटला : “ताई, पक्कड तारेसाठी असते. ती नटाला लावली की नट गोल झालाच म्हणून समजा.”

आता वापराविषयी. स्क्रू पाना नटावर कसाही लावून चालत नाही. नट ज्या दिशेला फिरवायचा त्या दिशेला सरकता जबडा आला पाहिजे, म्हणजे खरा जोर स्थिर जबड्यावर पडतो आणि फिरकीच्या नाजूक आट्यांवर ताण येत नाही. जबडा नटाच्या पोटापर्यंत आत सरकवायचा, फिरकी घट्ट करायची, पाना किंचित हलवून फिरकी पुन्हा एकदा आवळायची आणि मगच जोर लावायचा. तोही शक्यतो पाना आपल्याकडे ओढून, कारण ढकलताना नट अचानक सुटला तर हात नेमका समोरच्या धातूवर आपटतो. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की हा पाना नटावरून सटकत नाही, हे मी खात्रीने सांगते.

त्याचा खरा कस लागतो तो सायकलच्या मागच्या चाकावर. आमच्याकडे गिअर नसलेली जुनी काळी सायकल आहे आणि मुलांच्या नव्या धाटणीच्या सायकलीही आहेत. इंग्रजी धाटणीच्या जुन्या सायकलींवर इंचाच्या मापाचे नट सापडतात, नव्यांचे मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे ठरावीक मापाच्या पान्यांचा संच घेतला तरी एखादा नट नेमका दोन मापांच्या मध्ये निघतो. स्क्रू पान्याला ती अडचण येत नाही. चेन सैल झाली की ती खड्ड्यात हिसका बसताच उतरते, आणि साखळी चढवून हात काळे करण्यापेक्षा मूळ कारण दूर करणे केव्हाही चांगले. सायकल मोठ्या स्टँडवर उभी करायची, मागच्या एक्सलचे दोन्ही नट अर्धा-पाऊण फेरा सैल करायचे आणि चाक खाचांमध्ये मागे ओढायचे. चेनच्या बाजूचा नट आधी हलका आवळायचा, मग चाकाच्या पुढच्या कडेला हात लावून ते सायकलच्या सांगाड्याच्या दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये आणायचे आणि तसेच धरून दुसऱ्या बाजूचा नट आवळायचा. मग पेडल हाताने सावकाश फिरवून चेन मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहायची. साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलली तर ताण योग्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते, जी सायकल दुसऱ्याच्या हाती देऊन कधीच कळली नसती. पेडल फिरवताना चेन एका जागी ताठ होते आणि दुसऱ्या जागी सैल पडते, कारण पुढचे दातेरी चक्र क्वचितच अगदी गोल आणि मध्यावर असते. ताण मोजायचा तो चेन सर्वांत ताठ असेल त्या जागी, नाही तर सैल जागी नेमका बसवलेला ताण ताठ जागी इतका वाढतो की पेडल जड चालते आणि छर्ऱ्यांवर, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर, भार येतो. ही ताठ जागा शोधून, ती बरोबर खाली किंवा वर आणून, शेवटी दोन्ही नट पूर्ण जोराने आवळले की पेडलवर पहिला पाय टाकताच फरक समजतो. पायाचा जोर वाया न जाता थेट चाकात उतरतो आणि चेनच्या आच्छादनावर होणारी टकटक बंद होते. आठ इंची दांड्याची लांबी या कामाला अगदी पुरेशी आहे : हाताचा पूर्ण जोर लागतो, पण आटे मारले जातील इतका अतिरिक्त जोर लागत नाही. दहा इंची पान्याने हेच नट आवळताना मला भीती वाटते.

चाकाच्या हबचे, म्हणजे मधल्या तुंब्याचे, काम मात्र एकट्या या पान्याने होत नाही. पुढचे चाक हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवले असता खडखड जाणवली, तर कोन, म्हणजे एक्सलवरचा निमुळता नट, आणि त्याला टेकून फिरणारे छर्रे यांच्यातले अंतर वाढलेले असते. कोन धरायला पातळ पाना लागतो, आणि कोणत्याही स्क्रू पान्याचे जबडे त्या अरुंद जागेसाठी जाड पडतात. नाना पेठेत कोनचा पत्र्यासारखा पातळ पाना थोडक्या पैशांत मिळतो, तो जरूर सोबत घ्यावा. कोन त्या पातळ पान्याने स्थिर धरायचा आणि बाहेरचा लॉक नट स्क्रू पान्याने आवळायचा, अशी ही जोडी आहे. कोन फार आवळला तर छर्रे दळले जातात, सैल राहिला तर चाक डुलते, आणि या दोहोंमधली जागा पाव फेऱ्याहूनही लहान असते. लॉक नट आवळताना कोन किंचित पुढे सरकतो, हे गृहीत धरून तो आधी थोडासा सैलच ठेवावा लागतो. काम जमले की नाही हे चाकच सांगते. सायकलचे पुढचे टोक उचलून चाकाला हलकेच गती द्यावी. ते फिरत फिरत मंदावते, थांबता थांबता उलट फिरते, पुन्हा पुढे येते, आणि असे लंबकासारखे झुलत शेवटी बहुधा व्हॉल्व्हची जड बाजू खाली घेऊन स्थिरावते. झटक्याने थांबलेले चाक अजून आवळलेले असते. ते झुलणे पाहण्यासाठी मी काम संपल्यावरही चाक पुन्हा पुन्हा फिरवते.

घरातल्या नळांकडे वळते. जुन्या पितळी नळाला दोन प्रकारची गळती लागते आणि दोन्हींचा उपाय वेगळा असतो. नळ बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असतील तर आतला वायसर झिजलेला असतो. नळ चालू असताना मुठीखालच्या दांडीतून पाणी झिरपत असेल तर तिथे पाणी अडवायला गुंडाळलेला दोरा संपलेला असतो. पहिल्या प्रकारात मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ उघडून उरलेले पाणी सोडून द्यायचे, आणि एका हाताने नळाचे अंग घट्ट धरून दुसऱ्या हाताने स्क्रू पान्याने डोक्याचा नट सोडवायचा. नळाचे अंग धरले नाही तर अख्खा नळच भिंतीतल्या सांध्यात फिरतो आणि लहान कामाचे मोठे काम होते. चकचकीत मुलाम्याच्या नळावर जबड्यांचे वळ उठतात, म्हणून मध्ये जाड कापडाची पट्टी घ्यावी. स्पिंडल, म्हणजे मुठीची दांडी, बाहेर आल्यावर त्याच्या टोकाचा जुना वायसर पाहण्यासारखा असतो : मधोमध गोल खोल चर पडलेली, कडेला एखादी चीर, आणि ती चीर जिथे असते तिथूनच पाणी निसटत होते हे स्पष्ट दिसते. नवा वायसर बसवण्याआधी बोट आत घालून पितळी बैठक चाचपावी. ती गुळगुळीत लागली तर नळ नक्की बंद होणार. तिला खड्डे पडले असतील तर वायसर बदलून थोडेच दिवस निभावतात आणि नळ बदलणेच शहाणपणाचे ठरते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथे आतला अख्खा भाग बदलावा लागतो. डोक्याचा नट सोडवायला मात्र हाच पाना कामी येतो.

दोऱ्याची गळती तर याहून सोपी. दांडीभोवतीचा लहान नट पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा ती थांबते. न थांबल्यास नट वर घेऊन टेफ्लॉन टेपची बारीक वळी दांडीभोवती गुंडाळावी. लोखंडी खुर्च्या, शिडी, खिडकीच्या जाळ्या, कपडे वाळत घालायचा स्टँड यांचे नट वर्षातून एकदा फिरून तपासावेत. त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. झोपाळ्याच्या कड्या मात्र दर सणाला पाहाव्यात, कारण त्यावर घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे बसतात.

पेडल बदलताना एवढे ध्यानात ठेवावे की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कोणत्याही बाजूचे पेडल सोडवायचे तर पान्याचा वर धरलेला दांडा मागच्या चाकाकडे न्यायचा, हा नियम सांभाळला की चूक होत नाही. पंक्चरच्या कामात पान्याला जागा नाही; आपल्याकडचे सायकलवाले काका चाक न काढताच टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर घेतात आणि घरीही तसेच जमते. चाकाचा आऊट काढण्याचे, म्हणजे तारा आवळून वाकडे फिरणारे चाक सरळ करण्याचे, काम मी आजही त्यांच्याकडेच देते, कारण तारांचा ताण कानाने आणि बोटांनी ओळखायला जी बैठक लागते ती वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते.

पान्याची देखभाल फारशी नाही. पावसाळ्यात वापरल्यावर पुसून फिरकीवर आणि सरकत्या जबड्याच्या खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडावा. चिखल किंवा वाळू त्या खाचेत राहिली तर फिरकी अडखळते, म्हणून जुन्या टूथब्रशने ती अधूनमधून साफ करावी. त्याने हातोड्याचे काम करू नये आणि जोर वाढवण्यासाठी दांड्यात पाइप घालू नये. गंजलेला नट हटत नसेल तर तेल सोडून रात्रभर थांबावे.

मी घेतला तेव्हा हा पाना पाचशे रुपयांच्या आत मिळाला होता. ज्यांच्या घरी फक्त मुलांच्या सायकली आहेत त्यांना याच कंपनीचा १५५ मिलिमीटरचा, सहा इंची पाना ब्रेकच्या आणि सीटच्या नटांसाठी हाताला अधिक सोयीचा वाटेल, पण मागच्या चाकाच्या नटाला त्याचा दांडा तोकडा पडतो. दोन्ही घेणे परवडत असेल तर दोन्ही घ्यावेत, कारण बोल्टचे डोके एकाने धरून नट दुसऱ्याने फिरवण्याची वेळ सायकलवर हरघडी येते. एकच घ्यायचा असेल तर आठ इंची.