पंचगंगा घाट: सगळं भारी, धरायला काही नाही

घाट कुठं आहे, दगड कसला, देवळं कुठल्या काळातली, हे कोल्हापूरकराला सांगत बसत नाही. शिवाजी पुलावरून जाताना आपण सगळे तो रोज बघतो आणि वर्षातून एकदा, त्रिपुरारीला पणत्या बघायला, खाली उतरतो. मी मात्र गेल्या दिवाळीपासून जवळजवळ रोज उतरतोय, आईला घेऊन. निमित्त कार्तिक स्नानाचं होतं. कार्तिक संपला तरी तिनं घाट सोडला नाही, कारण थंड पाण्यात पाय सोडून बसलं की गुडघे हलके होतात असं तिचं म्हणणं. फिजिओथेरपीच्या एका बैठकीच्या पैशात आठवडाभराचं पेट्रोल येतं, त्यामुळं माझीही हरकत नव्हती.

दुसरा पर्याय म्हणून बागा बघितल्या होत्या. महावीर उद्यान चांगलं, टाऊन हॉलची झाडं तर विचारूच नका, पण तिथून नदी दिसत नाही. हुतात्मा पार्कच्या कडेला पाणी आहे, पण तो जयंती नाला. रंकाळा तळ्यावर पदपथ आहे, बाकडी आहेत, भेळ आहे. आईला वाहतं पाणी पाहिजे. म्हणजे नदीकाठी फुकट बसायचं आणि पाय भिजवायचे तर आमच्यासाठी घाट हीच बाग.

आधी चांगलं सांगतो. पहाटेचा घाट हे या शहरातलं सगळ्यात स्वस्त सुख आहे. पोहणारी म्हातारी मंडळी वर्षानुवर्षांची. पोरं पाठीला प्लास्टिकचे कॅन बांधून पोहायला शिकतात. एखादा बुरुजावरून मुटका मारतो आणि धुणं धुणाऱ्या बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तिकीट नाही, पास नाही, टोपी घालायची सक्ती नाही. दगड इतका पक्का की २०१९ चा ५५ फुटांवरचा आणि २०२१ चा ५६ फुटांवरचा पूर अंगावरून जाऊनही पायरी जागची हललेली दिसत नाही.

पाण्याच्या दर्जाबद्दल सगळ्यांना माहीत आहे. कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र झालं तरी प्रश्न मिटलेला नाही. ज्या दिवशी फेस दिसतो त्या दिवशी आम्ही वरच बसतो. यावर लिहायला लागलो तर मुख्य तक्रार राहून जाईल.

मुख्य तक्रार ही की आम्ही उतरतो तिथं पाण्याजवळच्या पायऱ्यांवर धरायला काही नाही. पाइप नाही, साखळी नाही, दगडात अडकवलेली कडीसुद्धा नाही. हरिद्वारला हर की पौडीवर गंगेची ओढ काय असते, पण तिथं साखळ्या आहेत, लोखंडी कठडे आहेत, ऐंशीची बाई बिनधास्त डुबकी मारते. आमच्याकडं दिव्यांची माळ आहे, रंगीत फोकस आहे, सेल्फी काढायला जागा आहे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आई घसरली. उतरताना नाही, चढताना. पाय ओले, पायरी ओली, हात टेकायला नुसती हवा. शेजारी कपडे पिळणाऱ्या एका काकांनी दंड धरला म्हणून गुडघ्यावर निभावलं. एक्स-रेचे पैसे गेले. हाड शाबूत निघालं म्हटल्यावर ते जास्तच जाणवले.

त्यानंतर मी पायऱ्याच बघायला लागलो. दिवाळीनंतर खाली राजाराम बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटा) बसले की घाटावर पाणी थोपतं आणि आठवडेच्या आठवडे त्याच एक-दोन पायऱ्यांशी खेळत राहतं. त्यामुळं शेवाळ धरतं ते नेमकं तेवढ्याच पट्ट्यावर, जिथं माणूस पाय टाकणार. वरची पायरी कोरडी, खालची पाण्यात, मधली साबण. त्यात त्रिपुरारीला हजारो पणत्या लागतात, काही कलंडतात आणि तेल दगडात मुरतं. संयोजक पोरं सकाळी खराटे घेऊन साफ करत होती, त्यांना नावं ठेवणार नाही. पण तेल खराट्यानं जात नाही.

मी अर्ज दिला. साधा, एक पानी: शेवटच्या पायऱ्यांना स्टेनलेस स्टीलचा पाइप बसवून द्यावा, दोन्ही बाजूंनी, कायमस्वरूपी. ज्या कार्यालयात दिला तिथं कळलं की पायऱ्या त्यांच्या, पण पाणी दुसऱ्यांचं. दुसऱ्यांकडं कळलं की पाणी त्यांचं, पण जुन्या दगडाला भोक पाडायचं तर तिसऱ्यांना विचारावं लागेल. तिसरीकडं साहेब फिरतीवर. प्रत्येक टेबलाला वेगळी झेरॉक्स. शेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची रोमन बनावटीची ब्राँझची मूर्ती सापडली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे ती. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रोमन मुलखातून माल इथवर पोचला. पाइप शहरातल्याच कारखान्यांच्या उद्यमनगरातून घाटावर यायला तयार नाही.

मधल्या काळात जुगाड केले. रबरी टोकाची काठी आणली, ती शेवाळावर आईच्या आधी घसरली. पैसे वाया. मग धुणं धुणाऱ्यांपैकी एक बाई म्हणाली, "मावशी, पोतं टाका की पायरीवर, पाय धरतंय." घरात तांदळाचं गोणपाट पडून होतं. ओलं करून पायरीवर पसरलं, कडेला दोन दगड ठेवले, आणि खरंच, पाय पक्का बसला. या सगळ्या प्रकरणात मनापासून आनंद झाला तो एवढाच, आणि तो फुकटात झाला. तीन-चार आठवड्यांत पोत्यावरच बुळबुळीत थर आला, मग ते उन्हात वाळवून उलटं टाकायचं. मधल्या काळात ते कुणीतरी पळवलंही. गोणपाट पळवणाऱ्याला काय म्हणायचं!

(इथपर्यंत मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, रागात. पुढचं पूर ओसरल्यावर लिहितोय आणि पाइपाबद्दलचं माझं म्हणणं बरंच बदललंय.)

पावसाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्याचे बर्गे काढले आणि पाणी खाली गेलं. इतके महिने पाण्याखाली काय होतं ते तेव्हा दिसलं: देवांच्या फ्रेमा, नारळाच्या शेंड्या, बाटल्या आणि घोटाभर गाळ. आईची नेहमीची पायरी कोरडी ठणठणीत. माझ्या अर्जातला पाइप मंजूर झाला असता तर तो त्या दिवसांत हवेत लटकत राहिला असता, पाण्यापासून बराच वर.

मग पाऊस. राधानगरीचे दरवाजे उघडल्याचे मेसेज फिरायला लागले आणि सगळं शहर नेहमीप्रमाणं पातळीचे आकडे बोलायला लागलं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. घाट दिसेनासा झाला. आम्ही पुलाजवळ उभे राहून बघत होतो. पाण्यातून काय काय जातं! जलपर्णीचे गालिचे, मुळासकट झाडं, कुणाच्या गोठ्याचा पत्रा. असलं एक झाड पाइपात अडकलं तर पाइप वाकेल हे ठीक, पण त्यामागं जलपर्णी थटेल, सगळा जोर पायरीच्या दगडावर येईल आणि पाइप दगड घेऊनच जाईल.

उद्यमनगरात ओळखीचा एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडं कोटेशनला गेलो तर त्यानं पहिल्या वाक्यात निकाल लावला. "दादा, बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यात ठेवतात काय? मग पाइप कशाला ठेवताय?"

आता माझी मागणी हीच आहे. ज्या जिल्ह्याच्या नावानं राज्यभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले, त्या जिल्ह्याला काढता-घालता येणारं लोखंड शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. पाऊस संपला की बर्गे घालायचे, पावसाआधी काढायचे, हे इथं अंगवळणी पडलंय. नृसिंहवाडीला पाणी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की त्या दक्षिणद्वाराला लोक आनंदानं स्नान करतात; पुराला अडवायला कुणी जात नाही. घाटावरही तेच. सॉकेट बसवायचे, त्यात पाइप उभे करायचे, बर्गे बसतात त्याच आठवड्यात घालायचे आणि निघतात तेव्हा काढून गोदामात टाकायचे. पाण्याची पातळी बदलते म्हणून सॉकेट एका पायरीला न ठेवता खालपर्यंत ओळीनं ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात पाणी उतरलं तर पाइपही दोन पायऱ्या खाली सरकवता येईल.

फॅब्रिकेटरनं आणखी तीन गोष्टी सांगितल्या, त्या त्याच्याच शब्दांत अर्जात घातल्यात. सॉकेटला टोपण पाहिजे, नाहीतर पहिल्याच पुरात गाळ भरून दगड होईल. सॉकेट जुन्या पायरीत न पाडता खाली ठेवायच्या वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवावा, म्हणजे भोकाची परवानगी मागायलाच नको. आणि पाइपावर नंबर कोरून घ्यावा, कारण बंधाऱ्यांच्या लोखंडी प्लेटा चोरीला गेल्याच्या बातम्या वाचतोच आपण. माझं गोणपाट सोडलं नाही तिथं पाइप कोण सोडतोय.

ठोकळ्याच्या मुद्द्यावर मला अजून शंका आहे. शेवाळावर ठोकळाच सरकला तर? तो म्हणतो खालून रबर लावू. काठीलाही रबर होतं.

गुण द्यायचे तर जागेला पाचपैकी पाच. सोबत माणूस असेल, पाय धड असतील आणि डिसेंबर ते एप्रिलमधली सकाळ असेल तर डोळे झाकून जा, पैसे वाचतील. एकट्या म्हाताऱ्या माणसाला दोन, तेही गोणपाट बरोबर असेल तर. पाऊस सुरू झाल्यावर शून्य, तेव्हा पुलावरूनच बघा.

नवीन अर्ज कोटेशन जोडून परवा दिलाय, या वेळी तिन्ही टेबलांना एकाच दिवशी, आणि पोचपावती घेतल्याशिवाय हललो नाही. आईनं कार्तिकाची तयारी सुरू केली आहे. झेरॉक्सचे पैसे अर्थातच माझे.