कासव-जहाज की पानोक्सन? मॉडेल बांधायला घेण्याआधी

कोरियन युद्धनौकेचं लाकडी मॉडेल करायचं ठरलं की हात आपसूक गोबुक्सनकडे, म्हणजे कासव-जहाजाकडे जातो. ड्रॅगनचं तोंड, काटेरी पाठ, दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्या. मोह पडणारच. तरी मी म्हणेन, पहिलं मॉडेल पानोक्सन या उघड्या मजल्याच्या युद्धनौकेचं करा.

पानोक्सन 1555 मध्ये कोरियन नौदलात आली. खालच्या मजल्यावर वल्हेकरी, वरच्या उघड्या मजल्यावर तोफा आणि तिरंदाज, मध्ये सेनापतीचा मनोरा. पाइनच्या जाड फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या आणि तळ अगदी सपाट. मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त जपायचा तो हा तळ. कोरियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांबवर हटतं. सपाट तळाचं जहाज चिखलावर सरळ बसतं. पाण्यात ते जवळजवळ जागच्या जागी वळतं. एका बाजूच्या तोफा डागून झाल्या की दुसरी बाजू शत्रूसमोर आणता येई. 1592 मध्ये कोरियावर चालून आलेली निमुळत्या तळाची जपानी जहाजं वेगात सरस होती, पण असं वळणं त्यांना जमत नसे.

कासव-जहाज म्हणजे याच सांगाड्यावर बसवलेलं झाकण. जपानी सैनिकांचा भर शत्रूच्या जहाजावर चढून तलवारीने लढण्यावर असे. कोरियाचे ॲडमिरल यी सुन-शिन यांनी ती वाटच बंद केली. योसू इथल्या नौदलाच्या ठाण्यावर ना दे-योंग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांनी हे जहाज बांधून घेतलं. यींच्या पुतण्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे: आकार पानोक्सनइतकाच, वर फळ्यांचं छत, त्यावर ये-जा करायला अधिकच्या चिन्हासारखी अरुंद वाट आणि उरलेल्या सगळ्या जागेत टोकदार पाती. लढाईच्या वेळी ही पाती गवती चटयांखाली झाकत. वर उडी मारणारा थेट त्यांच्यावरच पडे. 1592 च्या चौथ्या चांद्रमासातल्या 12 तारखेला यींनी या जहाजावरच्या तोफा डागून पाहिल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. दुसऱ्याच दिवशी जपानी आरमार कोरियाच्या बुसान बंदरासमोर येऊन थडकलं!

मॉडेल करणाऱ्याची अडचण पुढे आहे. बाजारातली जवळपास सगळी किट ज्या चित्रांवरून बनतात ती 1795 ची, राजा चॉन्गजोच्या आज्ञेने छापलेल्या यींच्या समग्र लेखनातली. म्हणजे लढाईनंतर दोनशे वर्षांनी काढलेली. ड्रॅगनच्या तोंडातून गंधकाचा धूर सोडण्याचं वर्णनही त्याच ग्रंथातलं; यींच्या स्वतःच्या अहवालात त्या तोंडातून तोफ डागल्याचं आहे. लोखंडी पत्र्यांचंही तसंच. यी पाठीवरच्या लोखंडी सुळ्यांबद्दल लिहितात, पत्र्यांबद्दल नाही. लोखंडाने मढवलेल्या जहाजांचा उल्लेख जपानी बाजूच्या वृत्तांतात येतो. त्यामुळे पाठीवर चकचकीत धातूचे षटकोन चिकटवण्यापेक्षा मी फळ्याच ठेवेन.

आणि युद्ध कुणी लढलं ते पाहा. ओकपोच्या पहिल्या विजयात कासव-जहाज नव्हतं; ते साचॉनच्या लढाईत प्रथम उतरलं. एकूण होती मोजकीच, शत्रूच्या रांगेत घुसून ती फोडायला. 1597 मध्ये चिलचॉल्यांगच्या लढाईत वॉन ग्युन या दुसऱ्या कोरियन सेनापतीच्या हाताखाली जवळजवळ सगळं आरमार बुडालं, कासव-जहाजंही गेली. त्यानंतर म्यॉन्ग्न्यांगच्या सामुद्रधुनीत यी उभे राहिले ते 13 पानोक्सन घेऊन, शंभराहून जास्त जपानी जहाजांसमोर. ती लढाई त्यांनी जिंकली.

कामाच्या दृष्टीनेही पानोक्सन नवशिक्याला सोपी. उघडा मजला असल्याने आतलं काम दिसतं आणि चूक सुधारता येते; कासवाच्या छताच्या फळ्या मात्र वाकवून बसवताना नवा हात हमखास थकतो. हाताशी दोन-तीन मॉडेलचा अनुभव असेल आणि 1795 ची आवृत्ती म्हणूनच ते करायचं असेल, तर खुशाल गोबुक्सन घ्या. तळपाटीवर ते साल मात्र लिहा. किट कुठलंही असो, पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तळाचा फोटो मागून घ्या. तळ निमुळता दिसला तर ते किट घेऊ नका.