लिचेसवरची कोडी: वजीर ‘ही’ की ‘शी’?

सांगलीत राहून बुद्धिबळ शिकवते म्हटलं की समोरचा इथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव काढतो आणि मी गप्प बसते. माझा वर्ग म्हणजे शनिवार-रविवारी घरच्या हॉलमध्ये जमणारी ९ मुलं आणि एक जुना टॅब. त्या टॅबवर गेली २ वर्षं लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची कोडी सोडवून घेते आहे, म्हणून हा अभिप्राय.

फुकट आहे, जाहिरात एकही नाही. कोडी तिथे खेळलेल्या खऱ्या डावांतून काढलेली, त्यामुळे पटावर उगाच पडलेली प्यादी, विसरलेला उंट, सगळा खराखुरा पसारा दिसतो. कोड्यांचं रेटिंग नव्या खात्याला १५०० पासून सुरू होतं. लहान मुलं तिथेच आपटतात, तेव्हा पहिल्या दिवशीच काठिण्य सोप्यावर आणा. ‘स्टॉर्म’ या प्रकारात ३ मिनिटं असतात, तेवढ्यात जमतील तितकी कोडी सोडवायची. पोरांना ते फार आवडतं, मला नाही, डोक्याआधी हात धावतो. ‘स्ट्रीक’ बरं: एक चूक की खेळ संपला, आणि एकच कोडं वगळता येतं.

चाल बरोबर आली की पुढे जा, चुकली तर ‘दॅट्स नॉट द मूव्ह’. का चुकली हे इंजिनाच्या, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाच्या, आकड्यांतून आपण ओळखायचं. मग उलगडा मी लिहून पालकांच्या गटात टाकते, आणि दोन घरांत मराठी नसल्यामुळे इंग्रजीत लिहिते. माझी खरी पंचाईत तिथे होते.

गेल्या महिन्यातलं कोडं घ्या. काळा राजा एच८ या घरात, हत्ती ई८, प्यादी जी७ आणि एच७. पांढऱ्याचा वजीर सी४, घोडा जी५. घोडा एफ७ वर शह, राजा जी८. घोडा एच६ ला, दुहेरी शह (घोड्याचा आणि वजिराचाही), राजा परत कोपऱ्यात. आता वजीर थेट जी८ वर! हत्तीला तो मारावाच लागतो, आणि घोडा एफ७ वर मात. राजा आपल्याच माणसांत घुसमटून मेला.

हे इंग्रजीत लिहिताना ‘व्हाइट सॅक्रिफायसेस...’ इथवर आले आणि बोट थांबलं. पुढे हिज क्वीन की हर? माझ्या कपाटातल्या जुन्या कोड्यांच्या पुस्तकात पांढराही ‘ही’, काळाही ‘ही’, सोडवणाराही ‘ही’. लिचेस मात्र ‘पांढऱ्यासाठी सर्वोत्तम चाल शोधा’ एवढंच म्हणतं आणि सर्वनामाच्या वाटेला जातच नाही. हुशार आहेत!

त्यात चौथीतल्या एकीने वहीत लिहिलं, ‘द रूक टुक हिम.’ हिम म्हणजे कोण? ‘वजीर, काकू. तो वजीर!’ चूक कशी म्हणू? आपल्याकडे तो दरबारातला वजीरच राहिला, युरोपात त्याची राणी झाली. प्यादं तेवढं ‘ते’. मोहऱ्यांना मी ‘इट’ लावायला सांगितलं, पण खेळणाऱ्याला इट म्हणता येईना. ‘देअर क्वीन’ लिहून पाहिलं, तर एका पालकांनी विचारलं, पांढऱ्याकडून दोघं खेळतायत का?

शेवटी ‘हर क्वीन’ लिहिलं. लगेच प्रश्न आला: हे मुलींच्या स्पर्धेतलं आहे का? १९७६ साली रोहिणी खाडिलकर वयाच्या १३व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि अजून आमच्या गटात हा प्रश्न! मी उत्तर दिलं नाही, पुढचं कोडं टाकलं, त्यातही ‘हर’च. मराठीत ‘पांढरा जिंकतो’ म्हणताना मात्र मी स्वतः कधी अडखळले नव्हते, हेही खरं.

तर लिचेसला ५ पैकी साडेचार. अर्धा गुण उलगड्याचं काम माझ्यावर टाकल्याबद्दल कापला. फोनपेक्षा टॅब घ्या, मोठ्या पटावर बोट चुकत नाही. स्ट्रीकमध्ये माझा उच्चांक २७ आहे. ‘हिम’वालीचा ३१.