शेल्फवर नवे तीन कन्सोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

संग्रहात आलेली ताजी भर अशी: गेम बॉय कलर, सेगा सॅटर्न, सेगा ड्रीमकास्ट, बारा कार्ट्रिज (गेम असलेल्या प्लास्टिकच्या डब्या) आणि वीसेक डिस्क. सगळा माल जुना, वापरलेला. फोटोत तिन्ही कन्सोल झकास दिसतात. रोज चालवायला घेतल्यावर मात्र तिघांचं दुखणं सारखंच निघालं: आतला (गेम बॉयच्या बाबतीत कार्ट्रिजमधला) बटन सेल आणि काळवंडलेले कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे धातूचे टोक. मुख्य चिप क्वचितच दगा देते.

गेम बॉय कलर १९९८ चा. दोन पेन्सिल सेलवर चालतो. खेळता खेळता स्क्रीन मंद होणं किंवा हलवल्यावर गेम रीसेट होणं ही लक्षणं दिसली की स्क्रीनला दोष देऊ नका, आधी पॉवर स्विच बघा. त्यात मळ साचला की व्होल्टेज तिथेच पडतं. सेल काढा, स्विचच्या फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका, स्विच तीस-चाळीस वेळा पुढेमागे करा आणि पूर्ण वाळू द्या. मूळ स्क्रीनच्या जागी नवीन आयपीएस (आतून उजळणारी) स्क्रीन बसवलेली असेल तर हा त्रास जास्त जाणवतो, कारण ती करंट जास्त ओढते. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्यामुळे लाल दिवा लवकर मंदावतो, पण त्यानंतरही बराच वेळ खेळता येतं.

खरी मेहनत कार्ट्रिजवर होते. गेम सुरू होत नसेल तर फुंकर मारू नका; तोंडातला दमटपणा पिनांवर बसतो. इअरबडला तेच अल्कोहोल लावून पिना पुसा. बड काळा निघायचा थांबेपर्यंत चालू ठेवा. खोडरबरने चकाकी येते खरी, पण सोन्याचा पातळ मुलामाही त्याच्याबरोबर जातो.

सेव्ह, म्हणजे गेममध्ये साठवलेली प्रगती, टिकत नसेल तर कार्ट्रिज उघडावं लागतं. त्याला ३.८ मिमीचा गेमबिट (खास स्क्रूड्रायव्हर) लागतो. (गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग.) आतला सेल मल्टीमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदलायला घ्या. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ असतो. तिथे घड्याळही याच सेलवर अखंड चालतं, म्हणून साध्या सेव्हवाल्या गेमपेक्षा तो लवकर संपतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी आणि सफायरचा प्रकार उलटा: सेव्ह फ्लॅश मेमरीत (सेलशिवाय टिकणाऱ्या) असतं, सेल फक्त घड्याळापुरता. सेल संपल्याचा संदेश आला तरी सेव्ह शाबूत राहतं, वेळेवर घडणाऱ्या घटना तेवढ्या थांबतात.

सेल बदलताना तीन गोष्टी बिघडतात. जुना काढला की सेव्ह जातं, म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने प्रत काढून ठेवा. पट्टीशिवायच्या सेलवर थेट सोल्डर केला तर उष्णतेने सेल फुटू शकतो. आधीपासून पट्ट्या जोडलेलाच आणा. आणि प्लस-मायनस उलटं लागतं, कारण जुना सेल काढताना खूण करायची राहून जाते. चिकटपट्टीने सेल दाबून बसवायचा जुगाड काही आठवड्यांत सैल होतो.

सॅटर्नचं काम त्या मानाने सोपं. मागचं झाकण उघडा, सीआर२०३२ बदला, सोल्डरिंग नाही. चालू करताना दर वेळी भाषा आणि तारीख विचारू लागला की सेल गेला समजायचं. आतली सेव्ह मेमरी ३२ किलोबाइट, त्यामुळे बॅकअप कार्ट्रिज हवंच. पण याचा कार्ट्रिज स्लॉट म्हणजे डोकेदुखी. कार्ट्रिज किंचित तिरकं बसलं की ते ओळखलंच जात नाही. एकदा नीट बसलं की रोज काढघाल करू नका.

तिघांत सर्वाधिक खेळला गेला ड्रीमकास्ट, आणि सर्वाधिक रुसलाही तोच. आपोआप रीसेट होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉवर सप्लाय आणि मुख्य बोर्ड जोडणाऱ्या पिनांवर चढलेला थर. पिना अल्कोहोलने पुसून अगदी किंचित वाकवल्या की पकड परत येते. सप्लाय आत उघडा असतो आणि त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. घाई करू नका. घड्याळाचा सेल एमएल२०३२ रिचार्जेबल आहे. त्याजागी सीआर२०३२ टाकायचा तर चार्जिंग अडवणारा डायोड हवाच. चालू करताना येणारी लांब पीं मात्र व्हीएमयूमधले (कंट्रोलरमध्ये बसणारं मेमरी कार्ड) दोन सेल संपल्याची असते. सेव्ह फ्लॅशवर असल्यामुळे काळजी नको.

डिस्क घेताना बहुतेक जण खालची बाजू बघतात. आधी लेबलची बाजू उजेडात धरा. सीडीचा चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तिथे टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तर ती डिस्क परत द्या. खालचे उथळ ओरखडे पॉलिशने जातात. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असल्याने ती जास्त सोसते. म्हणूनच प्लेस्टेशन २ च्या निळ्या डिस्क, ज्या मुळात सीडी आहेत, चंदेरी डिस्कपेक्षा जपून हाताळाव्या लागतात. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ, गोल फिरवून कधीच नाही.