हाताने रंगवलेले जुने मिळकत-नकाशे आणि पॉलिएस्टरची पाकिटं: साताऱ्याचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

साताऱ्यातल्या पेठांचे जुने, हाताने रंगवलेले मिळकत-नकाशे काही वाड्यांतून आणि जुन्या वकिली दप्तरांतून अजून निघतात. बरेचसे कापडावर चिकटवलेले असतात, काही घड्या घातलेले, काही पत्र्याच्या नळीत गुंडाळलेले. आमच्या देखभालीतले असे नकाशे आम्ही पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटांत घालून सपाट खणांच्या पोलादी कपाटात ठेवले. मृगापासून दिवाळीपर्यंतचा काळ आणि पुढची थंडी गेल्यावर हे लिहितो आहोत. निकाल आधीच सांगतो: बहुतेक नकाशांना ही पद्धत उत्तम आहे, जाड हिरवा रंग असलेल्यांना ती चालत नाही, आणि पाकीट चारी बाजूंनी बंद करणं कुठल्याच नकाशाला नको.

आधी फिल्मबद्दल. दुकानात पारदर्शक दिसेल ते सगळं ‘मायलर’ (पॉलिएस्टर फिल्मचं एक व्यापारी नाव) म्हणून विकलं जातं. हवी असते ती साधी, वर कुठलाही लेप नसलेली पॉलिएस्टर फिल्म. छोट्या नकाशाला ७५ मायक्रॉन पुरते, ७० × १०० सें.मी.च्या आसपासच्या नकाशाला १०० मायक्रॉन घ्यावी, कारण त्याहून पातळ फिल्म उचलताना मधे वाकते आणि आतला कागदही तिथेच मोडतो. पीव्हीसीची फिल्म टाळा: तिला मऊ ठेवण्यासाठी घातलेलं द्रव्य काही वर्षांत बाहेर पडतं, शाईला चिकटतं आणि प्लॅस्टिक पिवळं होतं. ओळखायची खूण अशी: पॉलिएस्टर कडक वाजतं, हाताने फाटत नाही आणि त्याला वास नसतो, पीव्हीसी लिबलिबीत असतं आणि नव्या रेनकोटासारखं वासतं. तरी शंका राहिली तर तांब्याची तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर करा, तो धूर नाकात जाऊ देऊ नये.

वजनाचा हिशेब कपाट घेण्याआधी करावा. १०० मायक्रॉन फिल्म चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅम भरते. ७० × १०० सें.मी.च्या नकाशाला पुढची-मागची मिळून जवळजवळ २०० ग्रॅम फिल्म लागते, कडेची वाढ धरली तर थोडी जास्तच. एका खणात २५ पाकिटं म्हणजे नकाशे सोडून नुसतं प्लॅस्टिकच ५ किलोच्या वर. खण ५ सें.मी.पेक्षा खोल नसावा. खोल असला की माणूस भरत जातो, आणि तळचा नकाशा काढायला वरचे सगळे उपसावे लागतात. नकाशांचं खरं नुकसान त्या उपसाउपशीतच होतं.

पाकीट करायची रीत. स्वच्छ काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर नकाशापेक्षा चारी बाजूंनी ४-५ सें.मी. मोठा तुकडा कापायचा, कटरचं पातं नवं असावं. आधी रुंद, मऊ केसांच्या ब्रशने नकाशावरची धूळ मधून कडेकडे झटकायची. रबर फक्त कोऱ्या समासावर फिरवायचं. रंगावर नाहीच, आणि पेन्सिलीच्या बारीक आकड्यांवर तर मुळीच नाही. ते आकडे मोजणीची मापं असतात, आणि पुष्कळदा नकाशातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच असते. मग नकाशा फिल्मवर मधोमध ठेवून एक लांब आणि एक आखूड अशा लागून असलेल्या दोन बाजूंना अॅक्रिलिक डिंकाची डबल टेप लावायची. टेप आणि कागदाची कड यांत निदान ३ मि.मी. अंतर हवं, कापडी पाठीच्या नकाशाला ६ मि.मी. सोडावं. दमट हवेत कागद फुगतो, कापड वेगळ्या प्रमाणात फुगतं, आणि जागा नसेल तर कड टेपवर चढते. वरचा तुकडा टेकवून कापडाने मधून बाहेर हवा काढायची, टेप दाबायची, शेवटी चारी कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपरा शेजारच्या पाकिटावर ओरखडे काढतो, आणि बोटांवरही.

दोन बाजू उघड्या का ठेवायच्या, हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. जुना कागद आम्लधर्मी असतो. तो कुजताना जी आम्लं सोडतो ती बंद पाकिटात कोंडली गेली की कागद उघड्या हवेतल्यापेक्षा लवकर ठिसूळ होतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या चाचण्यांमधूनही हेच पुढे आलं, आणि म्हणूनच आम्ल न काढलेल्या कागदाला हवेसाठी फट आणि मागे क्षारयुक्त कागद द्यायची शिफारस होऊ लागली. क्षारयुक्त कागदात कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते आम्ल शोषतं.

इथेच रंगीत नकाशाची गोम आहे. पाण्यासाठी वापरलेला गडद निळा बहुधा प्रशियन ब्लू असतो, आणि तो क्षाराने बिघडून तपकिरी पडतो. मंगळवार तळं, मोती तळं असे निळे भाग ज्या नकाशावर आहेत त्याच्याशी क्षारयुक्त कागदाचा संबंध येऊ देऊ नये, तिथे आम्लही नाही आणि क्षारही नाही असा उदासीन कागद घालावा. बाजारातला ‘अॅसिड-फ्री’ कागद बहुतेक वेळा क्षारयुक्तच असतो, विकणाऱ्याला हा फरक स्पष्ट विचारा. ज्या नकाशाला कापडी पाठ आहे आणि निळा नाही, त्याच्या मागे क्षारयुक्त कागद बिनदिक्कत घाला.

आता हिरवा. बागा, परसं, मोकळ्या जागा यांवरचा जुना हिरवा कित्येकदा तांब्याच्या संयुगापासून केलेला असतो, आणि तांबं कागद खातं. अशा नकाशाची मागची बाजू बघा: पुढे जिथे हिरवा आहे, नेमक्या तेवढ्याच आकाराचा तपकिरी डाग मागे उमटलेला असतो. वाढलेल्या अवस्थेत त्या भागाच्या कडेने बारीक चीर जाते आणि शेवटी परसाचा तुकडा खिडकीसारखा सुटून येतो. वरून भिंगाने पाहिलं तर रंगाचा थर खपलीसारखा उठलेला दिसतो. पॉलिएस्टरमध्ये स्थिर वीज असते. तुटक्या कागदाला ती धरून ठेवते हा तिचा फायदा, पण सुटा रंग ती ओढून घेते. पाकीट उघडलं की फिल्मवर हिरवी भुकटी चिकटलेली असते आणि ती परत कागदावर जात नाही. खपली उठलेल्या नकाशाला पाकीट नकोच. त्याला जाड उदासीन पुठ्ठ्याची दुघडी, आत मऊ टिश्यू आणि वर धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड. मोडी दप्तरं रुमालात बांधून ठेवायची आपली जुनी रीत होती, तिच्यातली कापडाची बाजू इथे तंतोतंत लागू पडते. फक्त नकाशाची घडी घालायची नाही.

गुलाबी आणि पिवळ्याची गोष्ट वेगळी. ते कागदाला त्रास देत नाहीत, पण उजेडाने उडतात. भिंतीवर लावायचीच हौस असेल तर छापील प्रत लावा. मूळ नकाशा बघायला काढला तर खिडकीचं ऊन त्यावर येऊ नये, आणि दिवा ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास पुरतो.

कपाटाबाबत: बाहेरच्या भिंतीपासून १५ सें.मी. पुढे आणि जमिनीपासून तितकंच वर ठेवा. जुन्या वाड्याच्या भिंती जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतात आणि भिंतीला टेकलेला पोलादी पत्रा मागून घामेजतो. खणातली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो. भर पावसाळ्यात नुसत्या सिलिका जेलने ५५ गाठता येत नाही, पण घट्ट बसणाऱ्या खणात ६० ते ६५ च्या दरम्यान राखता आलं आणि बुरशी आली नाही. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. ओलं झालं की ते हिरवट होतं, आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतो, ते घरात नको. जेलची पिशवी नकाशाला टेकू देऊ नका, कारण तिच्याशेजारचा कागद एकाच बाजूने सुकून वळतो.

स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते भिजेल एवढंच पाणी घाला, झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, डब्यावर तसं लिहून ठेवा. मापकाला पाणी लागू देऊ नका.

कापड चिकटवायला वापरलेली खळ कसर आणि झुरळ दोघांनाही आवडते. डांबरगोळ्या टाळा, त्यांची वाफ बंद खणात साचते आणि काही प्लॅस्टिकं मऊ करते. वेखंडाची पुरचुंडी खणाच्या कोपऱ्यात चालते. कडुलिंबाचा पाला पाकिटात घालू नये, कागदावर त्याचे डाग पडतात. खरा उपाय म्हणजे खण महिन्यातून एकदा उघडून पाहणं.

नळीत गुंडाळलेला नकाशा एप्रिल-मेमध्ये उलगडू नका. त्या कोरड्या हवेत कागद ताठ असतो, वर वार्निश असेल तर तडकतं. पहिले पाऊस झाल्यावर कागद आपसूक मऊ पडतो. तेव्हा हळूहळू उलगडून कडांवर टीपकागद आणि त्यावर वजन ठेवायचं, आणि सपाट झाला की लगेच पाकिटात. इस्त्री नाही, वाफ नाही. जलरंग ओलाव्याने पसरतो आणि काळ्या रेषेबाहेर गेलेला रंग परत आत येत नाही.

पाकिटाच्या तक्रारीही आहेत. वरून दिव्याची चकाकी येते, त्यामुळे फोटो पाकिटात घालण्याआधीच काढून घ्या. नवी फिल्म धूळ ओढते. उन्हाळ्याच्या उष्म्यात टेपचा डिंक कडेने किंचित सरकतो. वर सांगितलेलं अंतर सोडलं असेल तर तो कागदापर्यंत पोचत नाही, कमी अंतराच्या पाकिटांची टेप मात्र बदलावीच लागते. आणि दोन बाजू उघड्या असल्याने पाकीट उभं धरलं तर नकाशा घसरून बाहेर येतो. खाली पुठ्ठा घेऊन आडवाच न्यायचा.

फोटोला मोबाइलचा एक शॉट पुरत नाही. ७० × १०० सें.मी. नकाशा ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) घ्यायचा तर ८२६८ × ११८११ पिक्सेल, म्हणजे सुमारे ९८ मेगापिक्सेल लागतात. एकमेकांवर एक तृतीयांश चढणारे तुकडे घेऊन जोडा. दोन दिवे ४५ अंशांतून लावा, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. मग एकच दिवा अगदी तिरका लावून आणखी एक फोटो घ्या. त्यात नंतर डकवलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या कडा उठून दिसतात, समोरून पाहताना त्या कळतही नाहीत. रोजचं काम या फोटोच्या मॅट कागदावरच्या प्रतीवर करा, खुणाही तिथेच.

रंगांचा अर्थ नकाशाच्या समासातल्या सूचीतूनच लावायचा. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या अमेरिकेतल्या सॅनबोर्न कंपनीच्या अग्निविमा नकाशांत गुलाबी म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळं म्हणजे लाकडी, आणि प्रमाण १ इंचाला ५० फूट. ती सूची यादोगोपाळ पेठेतल्या वाड्याला लावली तर अर्थाचा अनर्थ होतो. मुंबईचं कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ मध्ये केलेलं सर्वेक्षण १ इंचाला ४० फूट या प्रमाणाचं होतं, म्हणजे १:४८०. तेवढ्या मोठ्या प्रमाणावरही ०.३ मि.मी. जाड रेघ जमिनीवर १४ सें.मी. व्यापते. त्यात कागदाचं आकुंचन धरा, आणि ते लांबी-रुंदीला सारखं नसतं. म्हणून नकाशावरची मोजपट्टी दोन्ही दिशांना मोजून बघा, आणि संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवताना देवळांचे कोपरे, तळ्यांच्या दगडी पायऱ्या असे न हललेले निदान सहा-आठ बिंदू चारी कडांना पसरून घ्या. रस्त्याची कड घेऊ नका, रस्ते रुंद होतात.

सामाईक भिंतीचा वाद या नकाशावरून सुटणार नाही. त्यासाठी मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेख कार्यालयाची अधिकृत मोजणीच लागते. क्षेत्र ताडून पाहताना जुने आकडे चौरस यार्डात असतील तर ०.८३६ ने गुणून चौरस मीटर करा. बोळ कुठून कुठे जात होता, परस कुणाच्या बाजूला होतं, विहीर कुठे होती, हे मात्र हा नकाशा असं सांगतो की दुसरा कुठलाही कागद सांगत नाही.

लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्यांना हात जोडा. गरम डिंक कागदात कायमचा मुरतो, पुढे कोणीही तो काढू शकत नाही. फाटल्यावर सेलोटेपही नको, जपानी टिश्यू (अगदी पातळ पण चिवट कागद) आणि शिजवलेली गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ एवढंच, तेही रंग नसलेल्या जागी. रंगावरची चीर पाकिटात तशीच राहू द्या, स्थिर वीज ती धरून ठेवते. ज्यांच्याकडे एक-दोनच नकाशे आहेत त्यांनी कपाटाचा खर्च करू नये. पाकीट, मागे कडक उदासीन पुठ्ठा आणि आतल्या भिंतीलगतच्या पलंगाखाली विटांवर टेकवलेली फळी एवढ्यात काम होतं. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये मात्र बाहेर काढून मागची बाजू बघायची, हिरव्याखाली तपकिरी डाग गडद होतोय का एवढ्यासाठी.