ओल मोजणारे मीटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी साडेतेराशे रुपयांना भिंतीतली ओल मोजणारे दोन सुयांचे मीटर मागवले. डोंबिवलीतली आमची इमारत तिशी ओलांडलेली आहे आणि दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरात पोपडे निघतातच, त्यामुळे ही खरेदी हौसेची नव्हती.

हे उपकरण दोन सुयांमधला विद्युत रोध मोजते. गिलावा ओला असेल तर रोध कमी होतो आणि आकडा चढतो. मात्र बहुतेक स्वस्त मीटरांची मोजपट्टी लाकडासाठी बेतलेली असते, त्यामुळे भिंतीवर दिसणारे '२२ टक्के' हे खरे टक्के नसतात. हे समजेपर्यंत मी पहिले दोन आठवडे विनाकारण घाबरून काढले. नंतर बैठकीच्या खोलीतली एक ठणठणीत कोरडी भिंत प्रमाण मानली. तिथे आकडा ८ येतो, आणि बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे. दुसरी फसगत लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षारांची. चार वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या खिडकीखाली मीटर सरळ ३० दाखवत होते, पण तिथे पाणी नव्हते. भिंतीत राहिलेल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि बिचारे मीटर त्यालाच ओल समजते.

खरी परीक्षा जानेवारीत झाली, आणि तिची सुरुवात मीटरने केली नाही, आईच्या नाकाने केली. "कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतोय," असे ती दोनदा म्हणाली. कपाट पुढे ओढले, तर त्याची प्लायवूडची मागची फळी खालून फुगून बाहेर आली होती. भिंतीवर डाग नव्हता. रंगाला फक्त बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे फोड आले होते आणि बोटाने दाबल्यावर त्यातली पुट्टी पिठासारखी भुरभुरत होती. मी पेन्सिलीने वीत-वीत अंतरावर खुणा करून आकडे भिंतीवरच लिहिले. कमरेच्या उंचीवर न्हाणीघराच्या बाजूला २४, तिथून दूर जाताना १९, १४ आणि वर खांद्याशी ९.

पाऊस जाऊन तीन महिने झाले होते, म्हणजे हे पाणी बाहेरचे नव्हते. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि सामाईक बाह्य नळांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, घरातल्या नळांची आपण. त्यामुळे सेक्रेटरींशी वाद घालण्यात अर्थ नाही हे आकड्यांनीच ठरवून टाकले.

प्लंबरने मात्र भिंतीकडे एकदा पाहिले आणि संपूर्ण न्हाणीघर फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करण्याचा सल्ला दिला. मी त्याला थांबवले. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले पाणी वाहून जायचे तोंड, बंद करून जमिनीवर दोन दिवस पाणी साठवले. आकडे हलले नाहीत. त्यानंतर आम्ही पाच दिवस गावी गेलो तेव्हा घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवला, आणि परत आल्यावर २४ चे १८ झालेले दिसले. दोष जमिनीत नव्हता, दाबाखालच्या नळात होता. जिथे आकडा सर्वांत जास्त होता, त्याच्या मागच्या दोनच टाइल्स काढल्या. आत गिझरकडे जाणाऱ्या जुन्या लोखंडी नळाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, गंजून पाझरत होता.

तक्रारी आहेत. सुया रंगावर दोन टोचणखुणा सोडतात, त्यामुळे पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर हात आखडतो. टाइल्सवरून मोजता येत नाही, सांध्यातच टोचावे लागते, आणि गिलाव्याच्या पृष्ठभागाजवळची ओलच कळते. स्लॅबच्या आत काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. छतासाठी मी अजूनही जुनाच उपाय वापरतो. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा. बाष्प त्याच्या आतल्या बाजूला जमले तर ओल स्लॅबमधून येते, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतून.

नळ बदलून सात आठवडे झाले. रंगारी पंधराव्या दिवसापासून रंगासाठी फोन करतो आहे, कारण हाताला भिंत कोरडी लागते. आज सकाळी तिथे १३ होते. ८-९ येईपर्यंत कपाट खोलीच्या मध्यावरच राहणार आहे, आणि आईच्या साड्या तोवर माझ्या कपाटात आहेत.