डोन्ट, कान्ट, वोन्टची कार्डं : आठ महिन्यांनंतर

लेक दुसरीत आहे, सेमी इंग्रजीला. गणपतीच्या सुट्टीत हा संच ऑनलाइन मागवला. ३६ जोड्या, किंमत साडेतीनशेच्या आसपास. एका तुकड्यावर 'डू नॉट', दुसऱ्यावर 'डोन्ट', आणि दोघांच्या खाचा एकमेकींत बसवायच्या. पुठ्ठा दणकट आहे. आठ महिन्यांत दोनच तुकडे हरवले, तेही सोफ्याखाली असणार.

पहिला महिना मी खूश होते. पाच मिनिटांत सगळ्या जोड्या लागायच्या. मग सहामाहीच्या सरावात वही पाहिली, तर डी, ओ, वरचा कॉमा आणि मग एन, टी! डझन्ट, इझन्ट, सगळीकडे तेच. शंका आली म्हणून तुकडे पालथे घालून दिले, कोरी बाजू वर. तरी पठ्ठीने धडाधड लावले. म्हणजे महिनाभर ती खाचाच वाचत होती, अक्षरं नाही.

तिचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. दोन शब्द चिकटतात तिथे डिंक, म्हणून तिथे कॉमा. 'नॉट'मधला ओ गळला आणि त्याच्या जागेवर ही खूण आली, हे या कार्डांत कुठेच दिसत नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

शेवटी पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या केल्या. 'डू नॉट' जोडून लिहायचं, ओ कात्रीने उडवायचा, फटीत जिऱ्याचा दाणा ठेवायचा. जिरं तसंही वाकडंच असतं. 'कॅनॉट'मधून एन आणि ओ जातात, 'आय वुड'मधून तर चार अक्षरं, तरी दाणा एकच. चार दिवसांत कॉमा जागेवर आला.

सासूबाई शेजारी पोथी वाचत होत्या. त्यांनी 'शिवोऽहम्' दाखवलं. "हे बघ, इथला अ गेलाय, त्याची ही खूण." लेक म्हणाली, "आजी, तू 'गेला आहे'चं 'गेलाय' केलंस, मग त्यात खूण कुठंय?" आम्ही दोघी गप्प.

'वोन्ट' मात्र कात्रीला दाद देत नाही. 'विल नॉट'मधून काहीही कापा, ओ येणार कुठून? 'विल'चं 'वोल' असं जुनं रूप होतं, त्यातून तो आलाय. संचात तो बाकीच्यांसारखाच, त्याच रंगात टाकलाय, तो वेगळा तरी ठेवायचा. 'ही हॅज'चं कार्डच नाही, त्यामुळे गोष्टीत 'हीज गॉट' आलं की आमच्याकडे 'ही इझ गॉट' वाचलं जातं. आणि 'त्याचं शेपूट' या अर्थाच्या 'इट्स'वर अजून जिरं पडतं. ते भांडण चालू आहे.

पाचपैकी अडीच. घेतलाच तर आधी खाचा सरळ कापून टाका, मग जोड्या लावायला शब्द वाचावेच लागतात. आमचा उरलेला संच आता नणंदेच्या मुलाकडे जातोय, खाचा कापूनच.